ठसे पुसले जातील

बोंडअळीवरचा व्हिडिओ मध्येच थांबला आणि बापूजींच्या फोनमधून एक बाई गोड आवाजात म्हणाली, "आयुष्याला दुसरी संधी द्या. विधवा आणि घटस्फोटितांसाठी खास स्थळं, तुमच्याच जिल्ह्यातली." निकिता तेव्हा त्यांच्यापुढे चहाचा कप ठेवत होती. कप बशीत नीट बसला, थेंबही सांडला नाही, पण क्षणभर तिला वाटलं, हे आपणच मोठ्यानं बोललो. बापूजी म्हणजे तिचे सासरे. फोन हातभर लांब धरून, भुवया वर करून ते बघत राहिले. जांभळ्या साडीतली बाई हसत होती आणि तिच्यामागे दोन खुर्च्या मांडलेल्या होत्या, एक रिकामी. पहिली पाच सेकंदं अशी जाहिरात सारता येत नाही. ती पाच सेकंदं सासऱ्यानं आणि सुनेनं समोरासमोर काढली. मग बापूजींनी अंगठ्यानं बाईला बाजूला सारलं, बोंडअळी परत आली, आणि ते म्हणाले, "साखर कमी पडली आज, बेटा." साखर रोजच्याएवढीच होती.

स्वयंपाकघरात येऊन तिनं नळ सोडला आणि हात धुतले, मग पुन्हा धुतले. गेले सहा दिवस ती दुपारच्या सुट्टीत तेच तर बघत होती. बघत होती म्हणजे फक्त बघत होती, नाव नोंदवलं नव्हतं, कुणाला एक अक्षर लिहिलं नव्हतं. आर्णीच्या बसस्टँडमागच्या ज्या ऑनलाइन सेंटरवर ती काम करते, तिथं भिंतीकडे तोंड करून, डबा उघडा ठेवून, एका हातानं पोळी मोडत तिनं त्या साइटवरचे पुरुष वर सरकवले होते. कुणी मोटारसायकलवर बसलेला, कुणी कुण्या देवळापुढे, एक तर मयत बायकोच्या फोटोशेजारी उभा राहिलेला. तिचा फोन, तिचा हात, तिची भिंत. मग ते सासऱ्याच्या फोनमधून कसं निघालं? सासू, कांताबाई, आत तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या, त्यांनीही ऐकलं असेल. बारावीतली लेक, सुरभी, आंघोळीला गेली होती, तिनं बहुतेक नसेल ऐकलं. या बहुतेकला टेकून निकितानं ती सकाळ काढली.

तिच्या नवऱ्याला, शामला, जाऊन पाच वर्षं झाली. कावीळ झाली आणि तीन आठवड्यांत संपलं. त्यानंतर या घरात कुणी तिला वाईट म्हणून बोललं नाही. लग्न कर असंही कुणी म्हटलं नाही आणि करू नको असंही नाही. भाजी कोणती करायची हे विचारायचे, सुरभीच्या फीचं विचारायचे, तिची कंबर दुखली तर कांताबाई स्वतः तेल कोमट करून द्यायच्या. तिला खरं तर याचाच राग यायचा आणि त्या रागाची लाजही वाटायची. भांडखोर सासू असती तर दार आपटून तरी जाता आलं असतं. या चांगल्या माणसांच्या घरात दार आपटायला जागाच नव्हती. तिला पुन्हा लग्न करायचं होतं का? हेच तर तिला एकटीनं, कुणाच्याही तोंडाकडे न बघता ठरवायचं होतं. एकदा का ते दुसऱ्या कुणाला कळलं की ते तिचं राहणार नव्हतं. सासू रडली तर सासूचं होईल, लेक रुसली तर लेकीचं, आणि बापूजींनी समजूतदारपणे मान हलवली तर सगळ्यात वाईट, मग ते उपकार होतील. आणि आता तिच्याआधी जांभळ्या साडीतल्या बाईनं तोंड उघडलं होतं.

सेंटर तनवीरभाईंचं. पुढच्या काउंटरवर ते मोबाइल दुरुस्त करतात, चष्म्यावर आणखी एक भिंग चढवून. मागच्या टेबलावर निकिताचा कॉम्प्युटर, प्रिंटर आणि अंगठ्याचं यंत्र. त्या दिवशी तिनं सातबाऱ्याच्या चार प्रती काढल्या, दोन चुकीच्या गटाच्या निघाल्या. शेवटी उठून तिनं काउंटरशी जाऊन उगाच पेनांचा डबा नीट केला.

"तनवीरभाई, एक बाई इचारत होती."

"काय म्हणे बाई?"

"म्हणे, आपण आपल्या फोनात काही पाहलं, तं ते घरच्या दुसऱ्या फोनात कसं काय दिसते?"

"वायफाय एकच असीन घरचं," तनवीरभाई भिंगातून नजर न काढता म्हणाले. "कंपनीले वाटते, घरात एकाले भूक लागली तं बाकीचेबी जेवतीन. सगळ्याइलेच वाढते मंग."

"मंग त्या बाईनं काय कराव?"

"दुसरं ब्राउझर टाकाव. मागावर राहनाऱ्याइले अडवनारं. पाच मिनिटाचं काम हाय." आणि त्यांनी हात पुढे केला. "आना फोन."

निकितानं फोन दिला. कोणत्या बाईचा, हे त्यांनी विचारलं नाही, आणि त्या न विचारण्यानं तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. ते बटणं दाबत एकेक सांगत गेले. हे मागोवा घेणारे अडवते. हे बाहेरच्या साइटच्या कुकी, म्हणजे पाळतीच्या खुणा, घेत नाही. ब्राउझर बंद केलं की सगळं पुसून टाकते, काय पाहलं, कुठं गेलतो, काही ठेवत नाही. कुठं नाव नोंदवाचं असलं तर आपला ईमेल द्याचा नाही, दहा मिनिटांत मरणारा ईमेल भेटते, तो द्याचा. "अन् हे सगळ्यात मोठं. फिंगरप्रिंट. ते घेऊ द्याचं नाही ताई, नाही तं बाकी सगळं करून काही फायदा नाही. त्याच्यावरूनच वळखते थे." तेवढ्यात पाण्यात पडलेला फोन घेऊन एक माणूस घाईघाईनं आला, तनवीरभाईंनी तो फोन उघडून झटकायला घेतला आणि पुढचं सांगणं तिथंच राहिलं.

आता फिंगरप्रिंट म्हटल्यावर निकिताच्या डोळ्यापुढे दुसरं काय येणार? तिचा सगळा दिवस त्यातच जातो. बाया आधारच्या पडताळणीला येतात, रांगेत उभ्या राहतात, टेबलाच्या कडेला पिशवी टेकवून अंगठा पुढे करतात, यंत्राचा लाल उजेड लागतो आणि पडद्यावर येतं, ठसा जुळत नाही. कापूसवेचणीच्या दिवसांत तर दहांतल्या चौघींचा जुळत नाही. बोंडाच्या टोकांनी बोटं खरवडलेली असतात, रेघा उरलेल्याच नसतात. मग ती ओल्या कपड्यानं अंगठा पुसायला लावते, थोडं खोबरेल चोळते, दुसरं बोट, तिसरं बोट. घाटंजीकडची बसंतीबाई नावाची एक म्हातारी दहाही बोटं लावून झाल्यावर म्हणाली होती, "माह्या हाताले मीच दिसत नसीन तं तुह्या मशिनीले काय दिसन वं?" आणि खिदळली होती. निकितालाही हसू आलं होतं, पण तेव्हाच मनात आलं होतं, किती बरं. दहाही बोटं घेऊन कुठंही जा, कुणाला सापडायचं नाही. तिची स्वतःची बोटं मात्र कॉम्प्युटरवर बसून गुळगुळीत झाली होती, रेघन् रेघ शाबूत, आणि फोन तिला पहिल्या स्पर्शात ओळखायचा.

संध्याकाळी गच्चीवर कपडे काढायच्या निमित्तानं ती फोन घेऊन बसली. नव्या ब्राउझरच्या यादीत 'फिंगरप्रिंटिंग मर्यादित करा' हे तनवीरभाईंनी चालू केलेलंच होतं. पण ते झालं ब्राउझरचं. फोनमध्ये तिची बोटं होतीच की. उजवा अंगठा आणि डाव्या हाताचं पहिलं बोट, घेतला त्या दिवशी दुकानदारानं दहादा टेकवून घेतलेली. ती सेटिंग शोधत गेली, सुरक्षा, मग लॉक, मग एक यादी, आणि तिच्या तळाशी 'लॉक नाही'. तिनं त्यावर बोट ठेवलं तर फोननं विचारलं, साठवलेले बोटांचे ठसे पुसले जातील, पुढे जायचं? हेच तर हवं होतं. तिनं हो म्हटलं. एवढं हलकं तिला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं. खाली गल्लीतून जाणाऱ्या दूधवाल्यानं वर बघून हाक दिली, "काय जी, आज लवकर आल्या?" तर ती त्याच्याकडे बघून चक्क हसली.

मग तिनं त्या साइटवर नाव नोंदवलं. मरणारा ईमेल दिला. पासवर्ड ठरवला आणि कुठं लिहून ठेवला नाही, कारण लिहिलं की सापडतं. नाव खोटं द्यायचं म्हणून बराच वेळ बोट अधांतरी राहिलं आणि मग आपसूक टाइप झालं, रंजना. हे तिचंच नाव, माहेरचं. लग्नाच्या दिवशी ताटात तांदूळ पसरून शामनं अंगठीनं त्यात निकिता असं लिहिलं होतं, हसत हसत, नि पहिल्या वेलांटीचा की दुसऱ्या यावर त्याच्या मित्रांनी हुज्जत घातली होती, आणि तेव्हापासून रंजना कुणी उरली नव्हती. आई होती तोवर ती रंजू म्हणायची. बाकी जगाच्या लेखी हे नाव आता इतकं मेलेलं होतं की खोटं म्हणून बिनधास्त वापरता येत होतं. गाव तिनं बाभुळगाव टाकलं, जिथं तिचं कुणी नव्हतं.

तिसऱ्या दिवशी घाटंजीच्या एका माणसानं लिहिलं. त्यानंही नाव दिलेलं नव्हतं, नुसतं अ. वय सेहेचाळीस, बायको वारलेली, मूल नाही, फवारणी पंप दुरुस्तीचं दुकान. फोटोत दुकानाचा अर्धा फलक, खाली पालथे घातलेले पंप आणि कडेला त्याचा एक खांदा. बाकीचे पुरुष दुसऱ्याच वाक्याला नंबर मागायचे. यानं मागितला नाही. त्यानं लिहिलं, "आज एकानं पंप आनला, त्यात पालीनं घर केलं होतं. पाल काढाले अर्धा तास गेला. गिऱ्हाईक म्हने, तिले मारू नको, चार हंगाम माह्यासंग फवारनीले येऊन राह्यली." निकिता सेंटरवर मोठ्यानं हसली आणि अंगठा लावायला आलेली बाई दचकली. आठ दिवस हे चाललं. ती गच्चीवर, न्हाणीघरात, दळणाच्या गिरणीत रांगेत उभी असताना वाचायची. ब्राउझर बंद केलं की सगळं पुसलं जातं म्हणून तिनं ते एकदाही बंद केलं नाही. तो फार लिहायचा नाही. एकदा लिहिलं, तुमच्याशी बोलनं सुरू झालं म्हनून मी साइटवरची माही माहिती झाकून टाकली, दोघीतिघींशी एकदम बोलनं मले जमत नाही. तिनं ते पुनःपुन्हा वाचलं. त्या आठ दिवसांत तिनं फोनची अक्षरं मोठी केली, भाषा मराठी केली, पडदा काळा केला, जे जे लपण्यासारखं दिसेल ते सगळं. शेवटी त्यानं विचारलं, "पुढच्या बाजाराले घाटंजीले येता का? टाकीजवळच्या हॉटेलात अकराले बसतो. हो म्हनसान तरच बसीन. नाही उत्तर आलं तं समजून घेईन, पुन्हा तरास देनार नाही." दोन दिवस तिनं उत्तर दिलं नाही. हो असं टाइप करायची आणि पुसायची. त्या एका अक्षराची तिला इतकी भीती वाटेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

रविवारी दुपारी ती दळण घेऊन आली तर सुरभी पलंगावर पालथी पडून तिच्या फोनवर मैत्रिणीशी बोलत होती. निकिताचे हात डब्याला तसेच चिकटले. बोलणं संपल्यावर सुरभी म्हणाली, "मम्मी, तुह्या फोनले लॉकच नाही? मी उचलला तं सरळ उघडला."

"तू कायले घेतला?"

"माह्याची बॅटरी गेलती. अन् किती काय काय उघडं ठेवतं वं तू! हँग होऊन राह्यला होता. मी सगळं बंद करून टाकलं."

"सगळं?"

"सगळं."

"काय काय होतं?"

"मी कायले पाहू तुह्यं?" सुरभी म्हणाली आणि तिनं कूस बदलली. ती बघून म्हणाली की न बघता, हे तिच्या पाठीवरून कळेना. लहानपणी ही पोरगी खोटं बोलली की कान खाजवायची. आता तिनं कान खाजवला नाही, पण आता ती सतरा वर्षांची होती.

निकितानं ब्राउझर उघडलं. कोरं. ज्या साइटचं नाव टाकलं ती तिला ओळखेना. आपलं खातं उघडा, ईमेल टाका. कोणता ईमेल? आकड्या-अक्षरांचं ते कडबोळं तिनं डोळ्यांनी नीट पाहिलंही नव्हतं, आणि तो पत्ता त्याच दिवशी मेला होता. पासवर्ड विसरलात का? त्याच मेलेल्या पत्त्यावर पाठवतो. तिनं नवं खातं काढलं, घाटंजी टाकलं, चार माणसं आली, त्यांत पंपवाला नव्हता. तो कसा असेल, त्यानं तिच्यासाठीच तर स्वतःला झाकून घेतलं होतं. कुणाला सापडू नये म्हणून तिनं जे जे केलं ते सगळं चोख लागू पडलं होतं. रंजना नावाची बाभुळगावची बाई आता कुणालाच सापडणार नव्हती, तिला स्वतःलाही नाही.

सोमवारी तिनं तनवीरभाईंना विचारलं, आता त्या बाईचं नाव न घेता. पुसलेलं परत आणता येते का? त्यांनी फोन पाहिला, मान हलवली. मग म्हणाले, "पन लॉक काहून काढलं तुम्ही?"

"तुम्हीच म्हटलं ना. फिंगरप्रिंट घेऊ द्याचं नाही."

तनवीरभाईंनी भिंग काढलं, मग चष्माही काढला. हसणार नाही याची त्यांनी पुरेपूर काळजी घेतली. "हे बोटाचं नाही ताई. ते दुसरं. तुमचा फोन केवढा, पडदा केवढा, अक्षरं लहान का मोठी, भाषा कोनती, असं सगळं जोडून साइटवाले मानूस वळखते. नाव लागत नाही त्याईले. त्याले फिंगरप्रिंट म्हनते." त्यांनी तिची सेटिंग चाळली. "अन् तुम्ही तं सगळंच बदलून ठेवलं. अक्षर एवढं, पडदा काळा. आर्णीत असा फोन एकच असीन. जितकं येगळं करसान तितकं लौकर दिसून पडते. लपाचं असलं तं सगळ्याइसारखं दिसा लागते."

सगळ्याइसारखं. हे शब्द दिवसभर तिच्या मागं लागले. पाच वर्षं तिनं दुसरं केलं काय होतं? कुणाच्या डोळ्यावर येणार नाही असे साडीचे रंग. लग्नाला गेली तर मागच्या खुर्चीवर, हळदीकुंकवाला गेली तर स्वयंपाकघरात. हसायचं तर चारचौघींनी हसून झाल्यावर. यात तिला कुणी बळजबरी केली नव्हती, तीच एकेक बटण दाबत गेली होती. आणि आठ दिवस एक माणूस तिला ओळखत होता, नाव नसताना, तोंड न पाहता, नुसतं ती कशावर हसते एवढ्यावरून. आज त्याला वाटत असेल की तिनं नाही म्हटलं. दुकानात बसून, पालथा पंप मांडीवर घेऊन, तो समजून घेत असेल. त्याचं ते समजून घेणं तिला सहन होईना. तिनं अंगठ्याचं यंत्र पुसलं, परत पुसलं, आणि चार वाजताच घरी निघाली.

बाजाराच्या दिवशी सकाळी सात वाजता बापूजी ओट्यावर बसले होते, पुढ्यात पेपर. घाटंजीची बस साडेआठला. घाटंजीत पंप दुरुस्तीची दुकानं किती, तिला माहीत नव्हतं. दारोदार विचारत फिरणं तिला भाग होतं, आणि विचारायचं तर काय विचारायचं, पंपवाला, बायको वारलेला, ज्याच्या गिऱ्हाइकाच्या पंपात पाल निघाली? संध्याकाळच्या आत ते आर्णीत पोचलं असतं. ओळखीचा कंडक्टर, ओळखीच्या बाया, कुणी ना कुणी. ती पदराला हात पुसत बराच वेळ दारात उभी राहिली.

"बापूजी, घाटंजीत फवारनी पंप दुरुस्त करनारा कोन हाय? सेहेचाळीसेक वर्षाचा. बायको नाही त्याची."

"अमर," बापूजी पेपरमधून म्हणाले. "आपला पंप दोनदा त्याच्याकडेच नेलता. काहून, आपला बिघडला?"

"पंप नाही बिघडला." हातातला पदर तिनं सोडून दिला. "मले त्याले भेटाचं हाय. लगीन कराचं का नाही, ते पाहाले."

बापूजींनी पेपराची घडी केली. पहिली वाकडी पडली म्हणून उघडून परत केली. ते तिच्याकडे बघेनात, समोरच्या लिंबाकडे बघत राहिले. त्यांचा मुलगा गेला होता, हे त्या क्षणी निकिताला जितकं कळलं तितकं पाच वर्षांत कळलं नव्हतं. तिला वाटलं, मागं फिरावं, चहा टाकावा, गंमत केली म्हणावं.

"मानूस सरळ हाय," बापूजी शेवटी म्हणाले. "पन त्याच्यासंग मोठ्यानं बोला लागते, बेटा. दोन्ही कानानं नीट आयकू येत नाही त्याले. फोनवर तं काहीच समजत नाही. हळू बोलली तं तो नुसता मान हलवीन अन् तुले वाटन समजलं."

"कोनासंग मोठ्यानं बोलाचं?" आतून कांताबाईंनी विचारलं. त्यांच्या सुपातली डाळ थांबली होती. बापूजींनी पेपर परत उघडला. ते सांगणं त्यांचं नव्हतं, आणि ते त्यांनी तिच्यासाठी तसंच राहू दिलं.

निकिता स्वयंपाकघराच्या दारात गेली. तिथून सासू दिसत होती, आणि पलीकडच्या खोलीत वही पुढ्यात घेऊन बसलेली, मान वर केलेली सुरभी दिसत होती. शेजारच्या अंगणात कुणी भांडी घासत होतं, तेही थांबल्यासारखं वाटलं. तिनं ते वाक्य पुन्हा म्हटलं, दोन्ही कानांनी नीट ऐकू न येणाऱ्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, आणि मग साडी बदलायला गेली.